पाहुणे यावेत, पण नाताळाच्या आधी

पत्र: आमचं गोव्यात बोरीला जुनं घर आहे. तीन खोल्या, वसरी आणि एकच न्हाणी. घरी आम्ही दोघं आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. मुलगा बंगळुरूला, तो २० डिसेंबरला येतो. दरवर्षी २३-२४ला ठाण्याच्या नणंदबाई आणि कोल्हापूरचे धाकटे दीर मुलाबाळांसह येतात, घरात अकरा माणसं होतात. ती दिवसभर बीचवर, रात्री बाराला परत, मी चुलीपुढे. सासूबाई वसरीत बसून वाट बघतात आणि कोणी यायच्या आत झोपी जातात. माणसं आलेली मला आवडतात, पण चार शब्द बोलायला मिळत नाहीत. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाशी तीस वर्षांचा घरोबा आहे. नाताळाला त्यांचं गोडाचं ताट येतं, पण सासूबाईंना अंडं चालत नाही, आणि परत काय पाठवावं हे दरवर्षी सुचत नाही. यंदा पाहुण्यांना ‘येऊ नका’ म्हणू का? कसं म्हणू?
— बोरीची वहिनी

वहिनी,

‘येऊ नका’ हे म्हणूच नका. एकदा तोंडातून गेलं की पुढची दहा वर्षं लग्नामुंजींत त्याचीच उजळणी होते. शिवाय तुमच्या मनात तसं काही नाहीच. तुम्हाला माणसं हवी आहेत, ती घरात बसलेली हवी आहेत, एवढंच. २४ तारखेला गोव्यात आलेला माणूस घरात बसणार नाही. तो गोवा बघायला येतो आणि तुमच्याकडे झोपायला येतो. तेव्हा भांडायचंच असेल तर तारखेशी भांडा. पाहुण्यांनी तारीख कळवली की तुमच्या हातात काही उरत नाही. तुम्ही आधी कळवलीत की ते आमंत्रण होतं.

डिसेंबरचे पहिले तीन-चार दिवस सोडा. जुन्या गोव्यात २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) चालू असतात आणि ३ डिसेंबरला सांव फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. त्या दिवशी पणजी-फोंडा रस्त्यावर जुन्या गोव्यापाशी गाडी अडकली की अडकली, आणि करमळी स्टेशन नेमकं तिथेच आहे. पुढे १९ला गोवा मुक्तिदिन. त्याला जोडून शनिवार-रविवार आला की बाहेरच्या गाड्यांची रांग तेव्हापासूनच लागते. मधे उरतात ते साधारण ५ ते १८. आमच्या मते गोव्यातल्या अख्ख्या वर्षातले हे सर्वांत चांगले दिवस: पाऊस गेलेला, सकाळी शाल घ्यावीशी वाटते, दुपारी नुसता पंखा पुरतो, बाजारात मासळी भरपूर, आणि रस्त्यावर अजून आपलीच माणसं.

त्यातही मंगळवारी येऊन शनिवारी सकाळी निघणं सोयीचं, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत सोमवार आणि गुरुवार शिवराक, म्हणजे मासळीशिवाय. डिसेंबरचा बराचसा भाग मार्गशीर्षात येतो, म्हणजे गुरुवारी लक्ष्मीची पूजा, त्या दिवशी तर प्रश्नच नाही. ठाण्या-कोल्हापूरहून आलेल्या माणसाला मात्र पहिल्या जेवणाला हुमण (मासळीची आमटी) हवं असतं. मंगळवारी आलेल्याला मंगळवार, बुधवार, शुक्रवार मासळीचे मिळतात आणि गुरुवारी भाज्यांचं खतखतं. शनिवारी आलेल्याच्या वाट्याला तिसऱ्याच दिवशी शिवराक सोमवार येतो आणि मग ‘चला, बाहेर जाऊन खाऊ’ सुरू होतं. तुमच्या घरात शनिवारही पाळत असाल तर त्याची सुरुवातच शिवराक. घर रिकामं होतं ते अशा बारीक गोष्टींनी.

बोलवायचं कोणाला? नणंदबाई आणि त्यांचे यजमान, दीर आणि जाऊबाई. चौघंच. घरातले तुम्ही तिघं धरून सात. मुलं कॉलेजात असतील तर ती चार दिवस आपलं आपण बघतील. शाळेत असतील तर चौघं एकाच वेळी निघू शकणार नाहीत. मग भाऊ-बहीण दोघांनीच यावं आणि जोडीदारांनी मुलांजवळ राहावं. सासूबाईंना खरं तर हेच जास्त आवडेल: दोन्ही लेकरं, बरोबर कोणी नाही.

फोन तुमच्या यजमानांनी करायचा. भाऊ सांगतो ती सूचना, वहिनी सांगते तो टोमणा. शब्द तेच असले तरी. आणि कारण खरं सांगायचं. ‘नाताळात फार गर्दी असते’ म्हटलं की ‘आम्हाला काय, आम्ही घरचेच’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा असं बोलावं: ‘ताई, आई आता रात्री आठला झोपते. नाताळात तुम्ही येता तेव्हा तिची-तुमची गाठच पडत नाही. यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी ये, शनिवारी जा. धाकट्यालाही तेव्हाच बोलावतोय. तिकीट काढलंस की कळव.’ येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही वार एकाच वाक्यात. ‘ये कधीतरी निवांत’ हे आमंत्रण नव्हे. त्यावर कोणी तिकीट काढत नाही.

तिकिटाचं गणित. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे १० डिसेंबरच्या गाडीसाठी ११ ऑक्टोबर. परतीचं वेगळ्या दिवशी उघडतं, हे विसरून लोक जायचं तिकीट काढतात आणि येण्याचं तसंच राहतं. ती वेळ टळली असली तरी घाबरू नका; मधल्या वारांना नाताळासारखी मारामारी नसते. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितसाठी सकाळी १०ला, स्लीपरसाठी ११ला, आणि ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आठवडाभर आधी करून ठेवायला सांगा. ठाण्याहून कोकणकन्या घेतली तर सकाळी मडगाव येतं, मांडवीनं निघालं तर पोचेपर्यंत दिवस संपतो. पहिलीच बरी. मडगावहून फोंड्याच्या बसा बोरीवरूनच जातात; रात्री आठनंतर मात्र बस धरून चालू नका. कोल्हापूरकर गाडीनं येणार असतील तर आंबोली किंवा चोर्ला, कुठलाही घाट उजेडात उतरा, एवढं बजावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे जेवून निघालेल्याला घाटात अंधार ठरलेला.

अंथरुणांबद्दल आम्ही काही सांगत नाही. जुन्या घरात गाद्या कमी पडत नाहीत, कमी पडते न्हाणी. १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर एकदा तापायला १८ ते २० मिनिटं घेतो आणि त्या पाण्यात गार मिसळलं की दोन बादल्या होतात. अकरा माणसांना सहा वेळा तापवावा लागतो, म्हणजे नुसत्या पाण्यापायी दोन तास. तुमची सकाळ कुठे जाते ते इथे कळेल. सात माणसांना चार वेळा. त्यातल्या तिघांनी संध्याकाळी आंघोळ करायची असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका (पुरुषमंडळींना हे पटवणं सोपं असतं), सकाळ मोकळी होते. भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) अजून जागेवर असेल आणि गळत नसेल तर चार दिवस पेटवाच; नारळाची सोडणं आणि करवंट्या परसात पडलेल्या असतातच. टाकीही बघा. माणशी दिवसाला १०० लिटर धरा. ५०० लिटरच्या टाकीवर सात माणसं निभत नाहीत, तेव्हा पाणी येतं त्या वेळी दोन पिंपं भरून न्हाणीतच ठेवा. नाहीतर चौथ्या माणसाच्या डोक्याला साबण असताना नळ जातो.

आता चूल. दिवसातून एकदाच शिजवायचं, हा नियम करा आणि तो बोलून दाखवा. सकाळी नऊला चूल पेटवायची, साडेदहा-अकराला बंद. रात्री तेच गरम. हुमण दुसऱ्या वेळेला अधिक चांगलं लागतं, ते मुरतं. तेव्हा ह्यात पाहुण्यांचा अपमान काही नाही. सकाळी उठल्या उठल्या चहा आणि पदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, दहाला पेज. सात जणांना ४०० ग्रॅम उकडे तांदूळ आणि आठपट पाणी, मंद आचेवर पाऊण तास ते तास. बरोबर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, शिवराक दिवशी तोरांचं मिस्कुट, म्हणजे कैरीचं लोणचं. शहरातल्या माणसाला पोहे-उपमा घरी मिळतोच. पेज मिळत नाही, आणि ती करताना तुम्हाला चुलीपाशी उभं राहावं लागत नाही. पदेराला नेहमीपेक्षा जास्त उंडे-पोळ्या हव्या असतील तर आदल्या संध्याकाळीच सांगा. सकाळी सांगितलेलं त्याच्या टोपलीत नसतं.

बांगडे मध्यम आकाराचे किलोला सहा ते आठ बसतात. हुमणाला एक आणि तळायला एक असे माणशी दोन धरले तर सात जणांना दोन किलो. तिसऱ्या (शिंपल्या) आणल्यात तर त्या उघडायचं काम पाहुण्यांना द्या, अगदी संकोच न करता. तासभर मीठपाण्यात ठेवायच्या म्हणजे वाळू टाकतात. ज्या आधीच आ वासून आहेत आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत, त्या फेकायच्या. मग आदोळीवर (विळीवर) एकेक चिरून, मांस एका शिंपल्यात ठेवून दुसरा टाकायचा. शंभर तिसऱ्यांना एकट्या माणसाला तास लागतो. दोघी बसल्या तर अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात वर्षभराच्या गोष्टी होतात. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. समोरासमोर खुर्च्या मांडून बसवलं की ‘मग, बाकी काय?’च्या पुढे गाडी जात नाही.

गुरुवारच्या खतखत्यासाठी सात-आठ जणांना तूरडाळ १०० ग्रॅम, भाज्या सगळ्या मिळून किलोभर (मुळा, नवलकोल, भोपळा, कणंग, शेंगा, जे मिळेल ते), एक नारळ, चार-पाच सोलं, लिंबाएवढा गूळ आणि आठ-दहा तिरफळं. ज्या भाजीला वेळ लागतो ती आधी, भोपळा शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. तिरफळांतल्या काळ्या बिया काढायच्या, सालं कोमट पाण्यात ठेचून त्या पाण्यासकट अगदी उतरवताना घालायची. आधीपासून शिजवलीत तर वास उडतो आणि कडवटपणा मागे राहतो.

दुपारी दोन ते चार घर झोपतं. ह्याबद्दल माफी मागू नका आणि पाहुण्यांसाठी जागूही नका. ज्याला झोप येत नाही त्याला वसरीत पेपर द्या.

सासूबाईंचा वेळ सकाळचा. ८४व्या वर्षी माणूस दहा ते बारा ताजा असतो, संध्याकाळी दमलेला. आणि आपले पाहुणे नेमके संध्याकाळी सात वाजता त्यांच्याभोवती जमतात, टीव्ही चालू ठेवून. दहाला पेज झाली की दोन माणसांनीच त्यांच्याजवळ बसावं. पाचजण एकदम बोलू लागले की कमी ऐकू येणारा माणूस हसून मान डोलावतो आणि गप्प होतो, मग आपण म्हणतो आईचं लक्ष नसतं. कुठे बसायचं हेही महत्त्वाचं. तुमच्या वसरीत उजेड अंगणाकडून येत असणार. बोलणाऱ्यानं अंगणाकडे पाठ केली तर सासूबाईंना त्याचा चेहरा नुसता काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत, आणि निम्मं ऐकणं ओठांवरून होत असतं. तेव्हा अंगणाकडे पाठ सासूबाईंची, तोंड बोलणाऱ्याचं. कुठला कान बरा आहे ते तुम्हाला माहीत आहेच. खुर्ची त्या बाजूला.

‘आई, जुन्या आठवणी सांग’ म्हटलं तर कोणालाच काही सुचत नाही. फोटोंचा आल्बम मांडीवर द्या आणि बोट ठेवून विचारा, ‘ही उजवीकडची कोण?’ मग बघा. नावं तेव्हाच लिहून घ्यायची, फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढून उठतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. नव्या, गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे चिठ्ठी लिहून फोटोबरोबर पाकिटात घाला. चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले आल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका. त्या पानांचा गोंद वर्षांनुवर्षं घट्ट होत जातो आणि ओढल्यावर फोटोचा कोपरा तिथेच राहतो. निघत नसेल तर दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवा. तोही अडला तर राहू दे, जागच्या जागी मोबाइलवर फोटो काढा. खिडकीजवळ, दिवा बंद, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. चकाकी आली तर आल्बम थोडा फिरवा, मोबाइल नको.

आवाज टिपायचा असेल तर मोबाइल विमान मोडवर टाकून पंच्याची घडी करून त्यावर ठेवा, म्हणजे टेबलावरचे ठोके येत नाहीत. पंखा बंद, कानाला जाणवत नाही पण नंतर ऐकताना पंखाच ऐकू येतो. अर्धा तास पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

संध्याकाळसाठी एक काम सुचवतो: चणाडाळीचं दोस. नाताळाच्या ताटात ते असतंच, त्यात अंडं नसतं, सासूबाई खाऊ शकतात, आणि ढवळायला तीन-चार माणसं लागतात, म्हणजे कोणाला उठून जाता येत नाही. चणाडाळ अर्धा किलो, साखर पाऊण किलो, एक मोठा नारळ, तूप दोन मोठे चमचे, वेलची, चिमूटभर मीठ. डाळ चार तास भिजवून बोटानं चिरडेल इतकी शिजवायची आणि चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्यायची. इथेच बहुतेकांचं बिघडतं: पाणी राहिलं की दोस तासभर ढवळूनही आळत नाही आणि आळलं तरी दोन दिवसांत चिकट होतं. डाळ आणि खवलेलं खोबरं वेगवेगळं, अगदी बारीक वाटा. जाड बुडाच्या टोपात साखर आणि कपभर पाणी, एकतारी पाक झाला की दोन्ही वाटणं घालून मंद आचेवर ढवळायचं, ४० ते ५० मिनिटं. आच वाढवण्याचा मोह दहाव्या मिनिटाला होतो. वाढवलीत तर बुडाला लागतं आणि काळे कण सगळ्यात मिसळतात, मग ते निघत नाहीत. मिश्रण टोपाच्या कडा सोडून गोळा होऊ लागलं की तूप, वेलची. तूप लावलेल्या ताटात बोटाच्या जाडीचं थापा, गरम असताना सुरीनं नुसत्या रेघा ओढा आणि पूर्ण गार झाल्यावर कापा. गरमच कापलंत तर कडा फाटतात. कोरड्या डब्यात आठवडाभर चांगलं राहतं, म्हणजे अर्धं ठाण्याला, अर्धं कोल्हापूरला.

शनिवारी पाहुणे गेले की २०पर्यंत घर तुमचं. २० ते २३ मुलासाठी मोकळे ठेवा. ह्या चार दिवसांत कोणालाही बोलावू नका, कोणाकडे जाऊही नका. पोरगा झोपा काढेल, काढू दे.

राहिली भाच्या-पुतण्यांची हौस. त्यांना समुद्र हवा असणारच आणि तो हवासा वाटण्यात काही गैर नाही. नाताळाची मोठी सुट्टी मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांना असते, त्यामुळे पोरं तेव्हाच येणार. त्यांना २६ला बोलवा, दोन रात्री. एक किल्ली त्यांच्या हातात द्या. रात्री घरी जेवणार की नाही ते संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं, नऊनंतर आलेल्यानं आपलं आपण वाढून घ्यायचं आणि ताट धुऊन ठेवायचं. बोरीहून कोलवा-बाणावली जवळ पडतं. त्या आठवड्यात कळंगुट-बागाला निघणं म्हणजे दिवस गाडीत घालवणं, हे त्यांना आधीच सांगा. तुमचं आधीचं निवांत भेटणं झालेलं असेल तर ह्या दोन दिवसांच्या धांदलीचा त्रास वाटणार नाही.

आता शेजारी. ताटातलं सगळं अंड्याचं नसतं. बेबिंक्यात पिवळं बलक भरपूर, बाथमध्ये अंडी, बोलिन्यांतही. कुलकुलात कुठे असतात, कुठे नसतात. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाच्या गुळाचा. दोस वर सांगितलंच. पेराद पेरूची आणि साखरेची. नेवऱ्यांत सारण खोबऱ्याचं किंवा रव्याचं. ह्यांत सहसा अंडं नसतं. कुलकुलं आणि नेवऱ्यांचं तेवढं शेजारणीला मोकळेपणानं विचारा. तीस वर्षांच्या घरोब्यात हे विचारल्यानं कोणी दुखावत नाही. विचारलंत तर पुढच्या वर्षी सासूबाईंचं वेगळं वाटीत येईल. दारात मात्र ‘आईंना चालत नाही हो’ म्हणू नका. ताट दोन्ही हातांनी घ्यायचं, निवड आत करायची.

परत गोड पाठवू नका. त्या दिवसांत त्यांच्या घरात डबे ठेवायला जागा नसते. २४ला दुपारी त्यांच्याकडे धड जेवण करायला कोणाला सवड नसते: घर पुसणं, गोठा (येशूजन्माचा देखावा), रात्रीच्या मिसाची (चर्चमधल्या प्रार्थनेची) तयारी. तेव्हा त्या दिवशी बाराच्या आत अळसांद्याचं तोणाक (कडधान्याची वाटण घातलेली आमटी) पाठवा. सहा जणांना ३०० ग्रॅम अळसांदे रात्रभर भिजवलेले, कुकरच्या तीन शिट्ट्या, अर्ध्या नारळाचं भाजून वाटलेलं वाटण. टोप मात्र असा द्या की परत यायची घाई नसेल.

आणि एक गोष्ट सासूबाईंच्या हातची. ते घरी गोठा करत असतील (आधी विचारून घ्या, आता सगळेच करत नाहीत), तर त्यातली शेतं हिरवी दिसावीत म्हणून गहू किंवा नाचणी रुजवून लावण्याची चाल आपल्याकडे आहे. सासूबाईंनी नवरात्रात इतकी वर्षं रुजवण घातलंय, त्यांना शिकवायला नको. पाहुणे असतानाच, १२ तारखेच्या सुमारास घाला. पसरट थाळ्याला तळाशी भोकं, चाळलेली माती दोन-तीन सेंटिमीटर, २५ सेंटिमीटरच्या थाळ्याला १०० ग्रॅम गहू. गहू रात्रभर भिजवून दाटीनं पसरायचे, वर मातीचा हलका थर, ओलं फडकं घालून दोन दिवस अंधारात. कोंब दिसले की फडकं काढून वसरीत उजेडात ठेवा, ऊन थेट नको. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. साचलं की पांढरी बुरशी धरते आणि सगळं पिवळं पडतं. फडकं काढायला उशीर केलात तर कोंब उंच, फिके आणि लोळणारे होतात. १० दिवसांत वीतभर हिरवं उभं राहतं, म्हणजे २२ला न्यायला तयार. मुलगा घरी असेलच, थाळा उचलायला तो आणि सांगायला सासूबाई, दोघांनी मिळून शेजारी नेऊन द्यावा.

२४ला संध्याकाळी आपल्या गाड्या वाड्याच्या अरुंद रस्त्यावरून काढून अंगणात आत घ्या. रात्री मिसाला जाणाऱ्यांना आणि परतणाऱ्यांना तोच एक रस्ता आहे. २५ला दुपारी त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांचीच माणसं जेवायला असतात. संध्याकाळी पाचनंतर जा, आणि सासूबाईंना बरोबर न्या.